गाठ आणि पाणी : अद्भुताच्या चित्रपटीय रूपांतराविषयी काही आक्षेप

१

अद्भुत शोधयात्रेच्या अभिजात कादंबरीचे पडद्यावर रूपांतर कसे व्हावे, हा प्रश्न मराठीत चर्चेला आला की चर्चेची दिशा ठरल्यासारखी असते. प्रथम टोल्किनचे नाव निघते. पाठोपाठ पीटर जॅक्सनची २००१ ते २००३ या काळातील चित्रत्रयी प्रमाण म्हणून पुढे केली जाते. शेवटी दोन निष्कर्ष सुस्काऱ्यासह नोंदविले जातात : मराठीजवळ या जातीचे साहित्य नाही आणि मराठी चित्रपटाजवळ या जातीचा पैसा नाही. दोन्ही निष्कर्ष एकमेकांच्या आधाराने उभे राहतात. साहित्य नाही म्हणून पैशाचा प्रश्न गंभीरपणे विचारावा लागत नाही आणि पैसा नाही म्हणून साहित्याचा शोध घ्यावा लागत नाही.

यांपैकी दुसरा निष्कर्ष निर्मात्यांवर सोपविता येईल. पहिला निष्कर्ष मात्र समीक्षेचा आहे आणि तो खोटा आहे. तो किती खोटा आहे हे पाहण्यासाठी ऑक्सफर्डपर्यंत जाण्याचे कारण नाही. धाराशिव शहरापासून सात-आठ किलोमीटरवर बालाघाटाच्या डोंगरात कोरलेली सात लेणी आहेत. जिल्ह्यातच तेर हे गाव आहे. ‘पेरिप्लस’मधील तगर ते हेच, असे अभ्यासक मानतात आणि गोरोबाकाकांचे गाव म्हणून उभा महाराष्ट्र त्याला ओळखतो. ही लेणी आणि हे नगर यांना मध्यवर्ती स्थान देणारे एक दीर्घ अद्भुत कथाकाव्य सुमारे अकराव्या शतकापासून अस्तित्वात आहे. मुनी कनकामर यांच्या या अपभ्रंश काव्याचे नाव ‘करकंडचरिउ’. हीरालाल जैन यांनी १९३४ साली विदर्भातील कारंजा येथील जैन ग्रंथमालेत त्याची संपादित आवृत्ती सिद्ध केली आणि काव्यातील तेरापूर म्हणजे तेर, तर त्याजवळचे लेणे म्हणजे धाराशिवचे लेणे, अशी स्थळनिश्चितीही केली. तरीही अद्भुत रूपांतराच्या मराठी चर्चेत या काव्याचे नाव निघत नाही. हे विस्मरण अपघाताने झालेले नाही. त्याची कारणे मराठी समीक्षेच्या घडणीत आहेत.

२

मराठी कादंबरीचा विचार आरंभापासूनच अद्भुत आणि वास्तव या दोन कोटींमध्ये वाटला गेला. राजवाडे यांच्या १९०२ सालच्या ‘कादंबरी’ या निबंधाने ही वाटणी विचारार्थ मांडली. पुढील समीक्षेने मात्र तिला मूल्यनिर्णयाचे रूप दिले. वास्तव म्हणजे प्रौढ, अद्भुत म्हणजे बाल्यावस्थेतील. वास्तव म्हणजे जीवनाला भिडणारे, अद्भुत म्हणजे जीवनापासून पळणारे, असे समीकरण रूढ झाले. भालचंद्र नेमाडे यांनी ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) यांच्या आधारे मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती निश्चित केल्या, तेव्हा ‘मुक्तामाले’च्या वाट्याला रंजनाची प्रवृत्ती आली. हलबे यांच्या त्या कादंबरीपुरता किंवा रिसबुडांच्या ‘मंजुघोषे’पुरता (१८६८) हा निर्णय मान्य करता येईल. एकोणिसाव्या शतकातील या कादंबऱ्यांतले अद्भुत बहुतांशी अलंकारासारखे आहे आणि ते काढले तरी कथेचा कणा मोडत नाही.

चूक पुढच्या पायरीवर झाली. एका विशिष्ट काळातील काही कादंबऱ्यांविषयीचा निर्णय अद्भुत या संपूर्ण कोटीला लागू झाला. परिणामी लीळा, आख्यान, पुराण, चरितकाव्य, नाथकथा, व्रतकथा यांमधून शतकानुशतके अर्थवहन करणारे अद्भुत ‘रंजन’ या एकाच खणात जमा झाले. देशीयतेचा सर्वाधिक आग्रह धरणाऱ्या समीक्षेनेही देशी कथनपरंपरेचा हा प्रचंड प्रदेश ओलांडून थेट वास्तवाकडे जावे, ही विसंगती नजरेआड करण्याजोगी नाही.

चित्रपटाच्या बाबतीत ती अधिकच ठळक होते. महाराष्ट्रात चित्रपट जन्मला तो अद्भुताच्या कुशीत. दादासाहेब फाळके यांचे ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३), ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) हे चित्रपट पाहता, चलच्चित्राच्या तंत्राला या भूमीत पहिले काम अद्भुतानेच दिले, हे स्पष्ट होते. ज्या माध्यमाने अद्भुतापासून आरंभ केला त्याच्याजवळ अद्भुताची परंपरा नाही असे म्हणणे म्हणजे आजोबांचे घर विकून आपण बेघर असल्याची तक्रार करण्यासारखे आहे.

३

‘करकंडचरिउ’ हे दहा संधींचे काव्य आहे. चंपेचा राजा धाडीवाहन याची गर्भवती राणी पद्मावती हत्तीवर बसून राजासह निघते, हत्ती उधळतो, राजा वाटेत झाडाची फांदी धरून सुटतो आणि राणी एकटी अरण्यात जाते. तिला स्मशानात मुलगा होतो. एक मातंग त्याला वाढवितो. हाताला कंडू असलेला म्हणून तो करकंड. पुढे दंतिपुराच्या राजाचा वारस ठरविण्यासाठी सोडलेला हत्ती त्यालाच निवडतो. बापलेक एकमेकांना न ओळखता रणांगणावर उभे ठाकतात आणि आई मध्ये पडते. मग चोल, चेर, पांड्य यांच्यावर दक्षिणेची मोहीम निघते, आणि या मोहिमेच्या वाटेवर तेरापूर येते.

येथवरचा सांगाडा कोणत्याही पटकथाकाराला ओळखीचा वाटेल : हरवलेला राजपुत्र, चिन्हाने ओळखले जाणे, पित्याशी संघर्ष, दिग्विजय. काव्याचे वेगळेपण यानंतर प्रकट होते. तेरापूरजवळच्या डोंगरात एक लेणे आहे आणि वर एक वारूळ. एक हत्ती रोज सोंडेतून पाणी आणि कमळ आणून त्या वारुळाची पूजा करतो. करकंड ते वारूळ खणवितो, तेव्हा पार्श्वनाथांची मूर्ती सापडते. ती लेण्यात आणली जाते. पुढे लेण्यातील मूर्तीच्या सिंहासनावर करकंडाला एक गाठ दिसते. त्या गाठीने शिल्पाची शोभा बिघडली आहे असे त्याला वाटते. जाणता शिल्पी सांगतो की लेणे कोरताना तेथे पाण्याचा झरा फुटला होता आणि तो अडविण्यासाठी ती गाठ ठेवली आहे. राजा ऐकत नाही. गाठ फोडली जाते. पाण्याचा लोट उसळतो आणि लेणे पाण्याने भरून जाते.

राजा पश्चात्तापाने खचतो. तेव्हा देवता प्रकट होऊन त्याचे सांत्वन करते आणि लेण्याचा पूर्ववृत्तान्त सांगते. शत्रूंनी हुसकावलेले नील व महानील हे विद्याधर बंधू तेरापुरी आले, तेथे त्यांनी राज्य वसविले, ही कथा त्यातलीच. आपल्याला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेणारे शिलाहार राजे आपला वंश जीमूतवाहन या विद्याधरापर्यंत नेत असत, हे ध्यानात घेतले म्हणजे या अद्भुतात विस्थापितांच्या राजवंशाची एक दूरची स्मृती वाहत आलेली असावी, असा हीरालाल जैन यांनी सुचविलेला संबंध अर्थपूर्ण वाटतो. रंजनाच्या खणात टाकलेले अद्भुत इतिहासाचे असे ओझे वाहत असते. वृत्तान्त ऐकल्यानंतर करकंड त्या डोंगरात नवी लेणी कोरवितो आणि मग पुढे निघतो.

शोधयात्रेच्या ऐन मध्यावर नायकाच्या हातून एक विध्वंस घडतो आणि तो सौंदर्यदृष्टीतून घडतो, ही या काव्यातील विलक्षण गोष्ट आहे. करकंडाचा हेतू वाईट नव्हता. त्याला शिल्प अधिक देखणे करायचे होते. जे त्याला व्यंग वाटले तेच रचना तोलून धरणारे होते, आणि हे त्याला शिल्पीने सांगितलेही होते.

४

अद्भुत ग्रंथाचे रूपांतर करणारा पटकथाकार नेमका करकंडाच्या जागी उभा असतो. त्याच्यापुढे एक प्राचीन रचना असते. तीत त्याला गाठी दिसतात : वंशावळी, उपकथा, गाणी, दीर्घ उपदेश, परतीचे लांबलेले प्रवास. त्या कथेचा वेग बिघडवितात असे त्याला वाटते. त्या फोडल्या की कथा सुबक होईल, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

‘करकंडचरिउ’चा चित्रपट करायचे ठरले तर पहिला घाव कशावर बसेल हे सांगणे अवघड नाही. या काव्यात अवांतर कथा पुष्कळ आहेत. तेरापुरीच करकंडाची राणी मदनावली हिला एक विद्याधर पळवून नेतो. अशा वेळी नायकाने तत्काळ पाठलागाला निघावे ही पडद्याची अपेक्षा. काव्यात मात्र शोकाकुल करकंडाला नरवाहनदत्ताची कथा ऐकविली जाते. त्यालाही गमावलेली स्त्री पुन्हा भेटली होती. पुढे करकंड सिंहलद्वीपी जातो, रतिवेगेशी विवाह करतो, परतताना समुद्रात महामत्स्य आडवा येतो. त्याच्याशी झुंजण्यासाठी राजा पाण्यात उडी घेतो आणि तेथूनच एका विद्याधरीकडून नेला जातो. किनाऱ्यावर एकट्या राहिलेल्या रतिवेगेला पद्मावती देवी अरिदमनाची कथा सांगते. म्हणजे कथा थांबवून दुसरी कथा सांगण्याचे प्रसंग नेमके वियोगाच्या ठिकाणी येतात. ज्याचे हरवले आहे त्याने दुसऱ्या कोणाचे हरवलेले कसे सापडले ते बसून ऐकायचे आणि त्या ऐकण्यातून वाट पाहण्याचे बळ मिळवायचे, अशी ही योजना आहे. उपकथा येथे शोकाला आकार देण्याचे साधन आहे. ती कापली की वियोग उरतो तो केवळ पुढच्या मारामारीचे निमित्त म्हणून. महामत्स्य राहील, त्याला कोट्यवधी रुपयांचे खवलेही लाभतील. रतिवेगेचे किनाऱ्यावर बसून ऐकणे मात्र जाईल.

जॅक्सनच्या चित्रत्रयीचे गुण नाकारण्याचे कारण नाही. तिची भूदृश्ये, तिचा प्रवासाचा थकवा, तिचे संगीत हे सारे श्रेष्ठ दर्जाचे आहे. परंतु तिनेही एक मोठी गाठ फोडली. टोल्किनच्या १९५४-५५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मुद्रिकेचा नाश झाल्यानंतर चौघे सोबती घरी परततात, तेव्हा घरच उद्ध्वस्त झालेले असते. झाडे तोडलेली, कोठारे लुटलेली, आपलेच लोक दंडेलीच्या सेवेत गेलेले. लढाई पुन्हा करावी लागते, तीही आपल्याच अंगणात. चित्रपटात घर जसे होते तसेच भेटते. ग्रंथाने सांगितले होते की दूरच्या दुष्टाचा पाडाव झाला तरी घर आपोआप वाचत नाही. चित्रपटाने सांगितले की घर सुरक्षित होते, फक्त जाणारे बदलले. लांबी वाचली आणि नैतिक अर्थाचा एक संपूर्ण मजला पाण्याखाली गेला. त्याच दिग्दर्शकाने १९३७ सालच्या ‘द हॉबिट’ या एका लहान पुस्तकाचे २०१२ ते २०१४ या काळात तीन चित्रपट केले, हे पाहिले म्हणजे वेळेच्या काटकसरीचा युक्तिवाद कितपत खरा मानायचा, हाही प्रश्नच आहे. वेळ असतो. तो कशावर खर्च करायचा याचा निर्णय आधीच झालेला असतो.

५

हा दोष परकीयांचाच आहे असेही नाही. प्रभातने १९३२ साली व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘माया मच्छिंद्र’ काढला. गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथांच्या, दुर्गा खोटे राणीच्या आणि मास्टर विनायक गोरखनाथांच्या भूमिकेत होते. कथा नाथपरंपरेतील, आणि शोधयात्रेचीच : स्त्रीराज्यात अडकलेल्या गुरूला सोडविण्यासाठी शिष्य निघतो. मराठी घराघरांत पारायणाने पोहोचलेल्या ‘नवनाथ भक्तिसारा’त ही कथा अवघड रूपात येते. तेथे गुरू खरोखरच रमलेला आहे. त्याला पुत्र आहे. आणि परतीच्या वाटेवर झोळीत सोन्याची वीट आहे. वाटेत चोराचे भय आहे का असे गुरू पुनःपुन्हा विचारतो, तेव्हा शिष्याला भयाचे मूळ उमगते आणि तो वीट फेकून देतो. सर्वज्ञ गुरूच्या झोळीतील ही वीट म्हणजे कथेतील गाठ होय. भक्तीला ती खुपते, तरी पोथीने ती जपली.

नाटकाच्या वाटेने पडद्यावर आलेल्या या कथेत अखेरीस गुरूचा संसार हा शिष्याला दाखविलेला मायेचा खेळ ठरतो. गुरू मुळातच निष्कलंक होता, असे निष्पन्न होते. चमत्कारदृश्यांच्या दृष्टीने हा चित्रपट त्या काळातील मोठी झेप होता, यात शंका नाही. परंतु पोथीने जो प्रश्न उघडा ठेवला होता, त्याला चित्रपटाने उत्तराचे झाकण घातले. अद्भुत तंत्राने वाढले आणि अर्थाने आक्रसले.

उलट उदाहरणही जवळचेच आहे. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हा चित्रपट हिंदीत असला तरी त्याचे जग महाराष्ट्राच्या मातीतले आहे. शीर्षकातील गाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीची आठवण देते, कथा मात्र स्वतंत्र आहे. त्यात एक देव आहे, ज्याला सोने मिळाले पण अन्न मिळाले नाही आणि ज्याची पूजा करण्यास मनाई आहे. कणकेच्या बाहुलीने त्याला भुलवायचे आणि त्याच्या कमरेची नाणी ओढायची. पिढ्यान्‌पिढ्या चालणारा लोभ या एका रूपकात सामावतो. हा देव पूजेविना का, हे चित्रपट आरंभीच्या कथनात थोडक्यात सांगतो, पुढे फार समजावीत नाही. पाऊस थांबत का नाही, हेही तसेच. गाठ शिल्लक राहते आणि चित्रपट तिच्याभोवती उभा राहतो. पैशाच्या प्रश्नाला येथेच उत्तर मिळते. अद्भुताला लागणारा पहिला खर्च संयमाचा आहे.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो : मग मूळ संहिता शब्दशः जपावी असे म्हणायचे आहे काय? तसे मुळीच नाही. मूळनिष्ठेचा आग्रह हा खर्चाच्या सबबीइतकाच पोकळ आहे. करकंडाच्या कथेपुरते पाहिले तरी ‘मूळ’ म्हणून बोट ठेवता येईल अशी जागा नाही. करकंडु हा प्रत्येकबुद्धांपैकी एक म्हणून जैन आणि बौद्ध या दोन्ही परंपरांना ठाऊक आहे. जातककथेत तो आहे आणि उत्तराध्ययनाच्या परंपरेतही. कनकामरांनी त्या पूर्वज्ञात कथेला तेरापूरचा डोंगर, विद्याधर आणि सिंहलद्वीप जोडले. त्यांचे काव्य हेच एक रूपांतर आहे. ज्या लेण्यांभोवती ते गुंफले आहे त्यांच्याविषयीही, ती आरंभी बौद्ध होती व नंतर जैन झाली, असे मत मांडले गेले आहे. दगडाचे देखील रूपांतर होते.

शिवाय काही गाठी फोडायलाच हव्यात. करकंडाला वाढविणारा मातंग हा वस्तुतः शापित विद्याधर होता असे काव्य सांगते. नायकाला दिलेले अन्न आणि विद्या ही मातंगाच्या हातची असू नयेत, म्हणून त्या हाताचे कुळ बदलण्याची ही युक्ती आहे. आजच्या रूपांतरकाराने ती निमूटपणे स्वीकारली तर त्याने कलेशी इमान राखले असे म्हणता येणार नाही. पळवून नेलेल्या मदनावलीला काव्यात शोकविषय होण्यापलीकडे फारसे स्थान नाही. नायकाच्या वियोगाला उपकथेचा आधार मिळतो, तिच्या बंदिवासाला मिळत नाही. ही गाठही फोडता येईल.

मग गाठ ओळखायची कशी? निकष काव्यानेच दिला आहे. शिल्पीला विचारायचे : ही गाठ काय अडवून आहे? वंशावळीने काय अडविले आहे, उपकथेने काय, मातंगाच्या शापाने काय? मातंगाच्या शापाने एक सामाजिक सत्य अडविले आहे. ते वाहू द्यावे. रतिवेगेच्या उपकथेने शोकाचे सवंग होणे अडविले आहे. तेथे छिन्नी लावू नये. प्रत्येक गाठीमागे पाणी असतेच. ते कोणते, हे न विचारता केवळ देखणेपणासाठी घाव घालणे हा करकंडाचा अपराध होता. अपराध घडल्यावर त्याने पश्चात्ताप केला, पूर्ववृत्तान्त ऐकला आणि जुने लेणे बुजवून टाकण्याऐवजी नवी लेणी कोरविली. रूपांतराची याहून नेमकी मीमांसा एखाद्या पाश्चात्त्य सिद्धांतग्रंथात शोधण्याची निकड भासू नये.

काव्याचा शेवटही याच दिशेने जातो. चोल, चेर, पांड्य यांचा पराभव झाल्यावर विजयी करकंड त्यांच्या मस्तकांवर पाय ठेवू पाहतो, तेव्हा त्यांच्या मुकुटांवर त्याला जिनप्रतिमा दिसते. तो ओशाळतो, त्यांना क्षमा मागतो. मदनावली परत मिळते तीही तेरापुरी, जेथे अपराध घडला होता तेथेच. पुढे तो राज्य सोडून मुनी होतो. पडद्यावर दिग्विजयाचा जयघोष जेथे टिपेला जावा तेथे नायकाचा पाय हवेत थांबतो. हा थांबलेला पाय ज्याला चित्रित करता येईल त्यालाच या काव्याचे रूपांतर करता येईल. बाकीच्यांनी महामत्स्य रंगवावा.

७

जिल्ह्याला धाराशिव हे नाव २०२३ साली अधिकृतपणे मिळाले. नावामागची स्मृती मात्र अधिकृत आदेशाने मिळत नाही. ती वाचावी लागते. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत अपभ्रंशाचा उल्लेख बहुधा भाषेच्या इतिहासाच्या प्रकरणात, ध्वनिपरिवर्तनाची उदाहरणे देण्यापुरता येतो. ‘चित्रपट आणि साहित्य’ या अभ्यासपत्रिकेत रूपांतर शिकविले जाते ते प्रायः सामाजिक कादंबऱ्यांच्या आधारे. या दोन खोल्यांमधली भिंत पाडल्याविना अद्भुताच्या रूपांतराची चर्चा मराठीत सुरूही होणार नाही. विद्यार्थ्याला मध्यपृथ्वीचा नकाशा तोंडपाठ असावा यात गैर काही नाही. पण आपल्या गावाजवळच्या डोंगरात एका राजाने सौंदर्याच्या नादाने गाठ फोडली आणि लेणे बुडविले, अशी कथा हजार वर्षांपूर्वी रचली गेली होती, हे त्याला ठाऊक नसावे, याची जबाबदारी निर्मात्यांवर ढकलता येणार नाही. ती समीक्षेची आणि अध्यापनाची आहे.

मराठीजवळ साहित्य नाही, हे विधान यापुढे करणाऱ्याने एकदा धाराशिवच्या लेण्यांत जाऊन यावे आणि सोबत ‘करकंडचरिउ’ न्यावे. तेथे जाणता शिल्पी भेटणार नाही. त्याने केव्हाच सांगितलेले वाक्य तेवढे वाचायचे शिल्लक आहे.